दादा येईपर्यंत हळू हसा

वर्षातून एकदा आम्ही सगळे एका हॉलमध्ये जमतो, रांगेत उभे राहतो आणि काही कारण नसताना पोट धरून हसतो. म्हणजे, हसल्यासारखं करतो. फोटो निघतो, चहा होतो आणि मंडळी आपापल्या घरी जातात. लग्नानंतर नवऱ्याने मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा वाटलं, यांच्या घराण्यातच एखादा स्क्रू ढिला असावा. आता माझाही झालाय. लागण होते त्याची.

त्याचं मूळ एका जुन्या फोटोत आहे. लढाईच्या काळातल्या एका बॉम्बफेकी विमानासमोर सात पोरं रांगेत उभी आहेत आणि सातही जण हसताहेत. साधंसुधं नाही. एक जण गुडघ्यांवर हात टेकून वाकलाय, एकाची टोपी डोळ्यांवर आलीय, आणि मधल्याने तर इतका आ केलाय की पडजीभ मोजून घ्यावी. मागे माणसापेक्षा उंच चाक आणि पंखाची काळी सावली. आणि अगदी कडेला, चौकटीतून निसटता निसटता राहिलेली एका कुत्र्याची शेपटी. कुत्रा नाही, नुसती शेपटी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते सातही जण विमान घेऊन गेले आणि परत आलेच नाहीत. विमान सापडलं नाही, पंखाचा तुकडा सापडला नाही, समुद्रावर तेलाचा तवंगसुद्धा कुणी पाहिला नाही. पडले की जळाले की बुडाले, काही म्हणता काही कळलं नाही. ‘बेपत्ता’ एवढा एक शब्द सात घरांत पोचला. रडायला बसावं असा दगडही कुठे नाही, म्हणून ही सात घरं जमतात आणि रडायला जागा नाही तर निदान हसून घेतात. प्रत्येकाने आपापल्या माणसाच्या जागी उभं राहायचं, तो वाकलाय तसं वाकायचं, त्याने तोंड उघडलंय तेवढं उघडायचं.

आठवं घर शेपटीचं. तो कुत्रा विमानतळावरच्या खानावळीतल्या आचाऱ्याचा, आणि फोटोही आचाऱ्यानेच काढलेला. त्याच्या मुलीला पुढे खूप वर्षांनी त्याच्या पेटीत ती फिल्म मिळाली, तोवर सातही जणांचे आईबाप वारले होते. तिनेच एकेक घर हुडकून काढलं आणि फोटोच्या प्रती वाटल्या. चेहरे हरभऱ्याच्या डाळीएवढे, तेही हसून वाकडे झालेले. पण पाकिटावर आचाऱ्याने क्रम लिहून ठेवला होता: डावीकडून पहिला वैमानिक, मग बाकीचे, उजवीकडे शेवटी बिनतारीवाला. त्यावरून ज्याने त्याने आपला माणूस ओळखून घेतला. मुलीला सगळे शेपटीवाल्या काकू म्हणतात आणि त्यांना त्या पदवीचा रास्त अभिमान आहे. दर वर्षी त्या उजव्या कडेला चौकटीबाहेर उभ्या राहतात आणि बाटल्या धुवायचा लांब ब्रश आत धरतात.

त्या सातांपैकी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय, आमची आत्याआजी. माझ्या आजेसासऱ्यांची बहीण. पडजीभवाला मधला तो तिचा दादा. विमानाच्या पाठीवर काचेचा घुमट असतो म्हणे, त्यात बसून तो बंदूक चालवायचा. आत्याआजी रांगेत कधी उभी राहत नाही. ती समोर खुर्ची टाकून बसते आणि हुकूम सोडते. “तू अजून वाक. तू, टोपी खाली. चहा मिळणार नाही असं बघू नकोस, हास.”

स्वतः मात्र ती खांद्यांनी हसते. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी, आणि खांदे गदागदा. आवाज शून्य. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावले होते.

तर या वर्षी, फोटोच्या महिनाभर आधीची गोष्ट. चिंगी, म्हणजे आमची दहा महिन्यांची कन्या, नुकतीच झोपली होती आणि मी आत्याआजीच्या डोळ्यांत थेंब घालत होते. डॉक्टरांनी त्याच सकाळी सांगितलं होतं की थेंबांनी डोळे थंड राहतील एवढंच. मधोमध जो डाग पडलाय तो वाढत जाणार.

“पुढच्या वर्षी फोटो दिसायचा नाही मला,” ती डोळे मिटूनच म्हणाली.

“मोठा करून आणू आपण. भिंतीएवढा.”

“आण. पण मला बघायचं नाहीये गं, ऐकायचंय.”

मला वाटलं, थेंब डोक्यात गेला.

“दादाचा चेहरा आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “फोटोमुळे राहिला. आवाज गेला. हसायला लागला की शेजारचे भिंतीवर ठोकायचे, ते आठवतं. आई लाटणं उगारायची, तेही आठवतं. पण मधलं ते हसणं, ज्याच्यापायी ही सगळी ठोकाठोक, तेच कानातून गेलं. कितीही आठव, फक्त ठोकणंच ऐकू येतं.”

“केव्हापासून?”

“कळलंच नाही केव्हा गेलं ते. बातमी आली तेव्हा आई म्हणाली, दादा येईपर्यंत हळू हसा. मी नऊ वर्षांची. मी म्हटलं, बरं. मग तो आलाच नाही, आणि आला नाही असंही कुणी सांगायला आलं नाही. मग हळूच हसत राहिले. सवय झाली.” तिने डोळे उघडले. “तुम्ही सगळे दर वर्षी काय ते हसता? गुळण्या केल्यासारखं. एकदा खरं हसून दाखवा मला. त्याच्या घरातलं कुणीतरी त्याच्यासारखं हसत असेलच की. मी ऐकलं की ओळखीन. डोळे गेल्यावर मला तेवढं पुरेल.”

झालं. आत्याआजीने मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती अशी की दुकानात मिळत नाही.

नवरा बोटीवर. म्हणजे मधल्याच्या जागी यंदा मी, कडेवर चिंगी घेऊन. माझ्या हसण्याचा काही उपयोग नव्हता, मी परक्या घरची. पण चिंगीत त्यांचं रक्त आहे, आणि चिंगी हसते कशालाही. दाराला, चमच्याला, शिंकेला. रोज दुपारी मी तिला आत्याआजीपुढे बसवून शिंकून दाखवायचे. चिंगी खिदळायची, आत्याआजी मान वाकडी करून कान द्यायची आणि म्हणायची, “गोड आहे. पण हे तुझ्या माहेरचं.” माझ्या आईचं हसणं तिने एकदाच ऐकलंय, तेही फोनवर. खरं होतं पण.

दरम्यान मी फोटोवाल्या बाईंकडे गेले. जुना फोटोवाला दुकान बंद करून लेकाकडे राहायला गेला, म्हणून यंदा या नव्या. पासपोर्टचे फोटो काढून काढून त्यांचा चेहराही पासपोर्टसारखा झालाय, हसणं त्यांना मंजूरच नाही. मी म्हटलं जुना फोटो मोठा करून हवाय, आत्याआजीला बोटभर अंतरावरून दिसेल एवढा.

“प्रतीवरून मोठा केला तर नुसते ठिपके येतील,” त्या म्हणाल्या. “मूळ फिल्म आणा.”

शेपटीवाल्या काकूंनी फिल्म दिली, पण जणू पोटचं पोर पाळणाघरात ठेवताहेत अशा चेहऱ्याने.

फोटोचा दिवस उजाडला. हॉल वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा. मध्ये प्लायवूडचा पडदा ओढून त्याचे दोन केले होते, आणि पलीकडे बुद्धिबळाची स्पर्धा. आम्ही आत पाऊल टाकतो तोच त्यांचे चिटणीस पडद्याच्या फटीतून डोकावले आणि ओठांवर बोट ठेवून गेले.

“आज आवाज नको म्हणतात,” कॅप्टन म्हणाले.

कॅप्टन म्हणजे वैमानिकाचे पुतणे. स्वतः कधी गच्चीच्या वर गेलेले नाहीत, विमा कंपनीत होते. पण वैमानिकाकडचे म्हणून कॅप्टन. फोटोतल्या डाव्या टोकाच्या माणसाची हनुवटी नांगराच्या फाळासारखी आहे, आणि ती आपल्या घराण्याची हनुवटी आहे असं कॅप्टन मानतात. एरवी दाढी ठेवतात. फोटोच्या दिवशी सकाळी सफाचट करून हनुवटी पुढे काढून येतात.

उजव्या टोकाचा बिनतारीवाला, म्हणजे विमानात बिनतारी यंत्रावर संदेश ऐकणारा. त्याचे कान म्हणजे कपाटाची उघडी राहिलेली दारं. त्याचा नातू दातांचा डॉक्टर आहे, फार गरीब स्वभावाचा. कॅप्टन त्याला वर्षानुवर्षं तोच एक विनोद ऐकवत आलेत, “तुमच्या आजोबांना यंत्र कशाला दिलं होतं कुणास ठाऊक, कान होते की.” बिचाऱ्याने त्यापायी केस वाढवून कानांवरून ओढून घेतलेत. आमच्यापैकी कुणी त्याचे कान पाहिलेलेच नव्हते.

फोटोवाल्या बाईंनी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. मोठा केलेला फोटो त्यांनी गुंडाळी करून भिंतीशी टेकवून ठेवला होता. “आधी काम,” त्या म्हणाल्या, “मग बघाबघी.” आम्ही रांगेत लागलो. काकू ब्रश घेऊन कडेला. आत्याआजी समोर खुर्चीत, डोळे मिटून, हात मांडीवर.

“हसा,” ती म्हणाली.

आम्ही हसलो.

“गुळण्या.”

परत हसलो.

“आता गरम पाण्याच्या.”

मी सगळ्यांना आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं की यंदा खरं हवंय, कारण असं असं आहे. त्यानेच घात केला. एकदा का समोर बसलेल्या म्हातारीला आपलं हसू हवंय हे माहीत झालं, की हसू घशातच उकिडवं बसतं. कॅप्टननी विमा कंपनीतला एक किस्सा सांगितला. त्यात तीन पत्ते आणि दोन सह्या होत्या, शेवट कुणालाच कळला नाही. इंजिनवाल्यांच्या ताईंनी, म्हणजे विमानाचं इंजिन बघणाऱ्याच्या पुतणीने, कॅप्टनना गुदगुल्या करून पाहिल्या, ते म्हणाले, “अहो, रक्तदाब आहे मला.” मी शिंकले. दहा वेळा शिंकले. चिंगीने माझ्याकडे असं पाहिलं की आई, चारचौघांत काय हे, आणि तोंडात अंगठा घातला.

“राहू दे गं,” आत्याआजी म्हणाली. हात मांडीवरच, पण बोटं एकमेकांत गुंतलेली. “मागून मिळत नाही ते. मलाच कळायला हवं होतं.”

तिचा तो सूर मी कधी ऐकला नव्हता. घरात मी तिला म्हटलं होतं, आणते बघ तुझ्यासाठी. आता काय आणू? मग सुचेना म्हणून मी म्हटलं, “जरा थांबू या. तोवर मोठा फोटो तरी बघून घे.”

फोटोवाल्या बाईंनी नाखुशीने गुंडाळी उलगडली आणि भिंतीवर चिकटवली. चांगली दाराएवढी झाली होती. सगळे गोळा झालो. आणि पहिल्यांदा तोंड उघडलं ते काकूंनी.

“माझी शेपटी?”

उजव्या कडेला शेपटी नव्हती. डाव्या कडेला होती.

“फोटो उलटा छापलात तुम्ही,” कॅप्टन म्हणाले.

“मी सुलटा छापलाय,” फोटोवाल्या बाई म्हणाल्या. पासपोर्ट चेहरा जराही हलला नाही. “तुमच्याकडचा उलटा आहे. पहिल्यांदा छापताना कुणीतरी फिल्म पालथी ठेवली असणार. आरशासारखं सगळं इकडचं तिकडे झालं. बटणं बघा की. तुमच्या प्रतीत सातही जणांची बटणं बायकांच्या बाजूला आहेत. इतकी वर्षं कुणी बघितलं नाही?”

कुणी बघितलं नव्हतं. आम्ही तोंडं बघत होतो.

मग प्रत्येकाच्या डोक्यात ते हळूहळू उतरायला लागलं. पाकिटावर लिहिलंय, डावीकडून पहिला वैमानिक. पण खऱ्या फोटोत डावीकडून पहिला हनुवटीवाला नव्हता. डावीकडून पहिले कान होते.

“मधला मधेच राहतो,” दातांचा डॉक्टर पुटपुटला. “म्हणून आत्याआजींना दादा बरोबर सापडले, आणि आपल्याला वाटलं सगळंच बरोबर आहे.”

आत्याआजी नाक भिंतीला लावून बघत होती. “दादा हाच,” ती म्हणाली. “दुसरे कोण कोण ते मला काय माहीत? मी त्यांना भेटलेच नव्हते कधी.”

विमानात नकाशे बघून वाट सांगणाऱ्याच्या घरच्या मावशी आणि इंजिनवाल्यांच्या ताई एकमेकींकडे बघत होत्या. मधल्याच्या अलीकडचा एकीचा, पलीकडचा दुसरीचा. दोघींनी आपापला माणूस कापून, मोठा करून, चौकटीत घालून घरी लावलाय.

“म्हणजे,” मावशी अगदी सावकाश म्हणाल्या, “इतकी वर्षं माझ्या बैठकीत तुमचे काका टांगलेत?”

“आणि आमच्या जेवणघरात तुमचे मामा,” ताई म्हणाल्या. “मी त्यांना दाखवून मुलांना भाजी खायला लावली हो. ते बघताहेत म्हणायचे.”

“आमचे मामा भाजी शिवायचे नाहीत.”

कुठेतरी कुणाचं तरी नाक वाजलं. पण हसलं कुणी नाही, कारण सगळे कॅप्टनकडे बघत होते. कॅप्टन फोटोपुढे उभे होते, आणि त्यांचा हात नकळत त्यांच्या ताज्या दाढी केलेल्या हनुवटीवर गेला होता. चेहरा असा पडला होता की मला खरंच वाईट वाटलं. माणसाने आयुष्यभर हनुवटी सांभाळावी आणि ती निघावी दुसऱ्याची.

दातांचा डॉक्टर त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने फोटोतल्या कानांकडे पाहिलं. मग तितक्याच शांतपणे, जसं आधी दाढ बघतो तसं, त्याने कॅप्टनच्या डोक्याच्या एका बाजूला पाहिलं. मग मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला.

आणि मग आम्हीही पाहिलं. दर वर्षी त्यांनी पुढे केलेली हनुवटी बघण्यात वर कुणाचं लक्ष कधी गेलंच नव्हतं. कॅप्टनचे कान दोन्ही बाजूंनी उघडे होते. संध्याकाळचं ऊन खिडकीतून त्यांच्यामागून येत होतं आणि कान दिव्यासारखे लाल पेटले होते.

“कॅप्टन,” डॉक्टर म्हणाला, “यंत्र लागायचं का हो तुमच्या काकांना?”

मग कॅप्टननी दोन्ही हातांनी आपले कान धरले, शाळेत धरायला लावतात तसे, आणि डॉक्टरपुढे एक उठाबशी काढली.

काकूंच्या हातातला ब्रश पडला. त्यानंतर कोण कुठून हसायला लागलं ते सांगता येणार नाही. मावशी ताईंच्या गळ्यात पडून हसत होत्या. “आणा आमचे मामा परत,” म्हणत होत्या. डॉक्टरने केस मागे सारून आपले कान दाखवले. अगदी इवलेसे, सुबक, शिंपल्यासारखे. ते बघून कॅप्टन खाली बसले ते बसलेच. मला हसताना चिंगी सांभाळेना, मी तिला घेऊन जमिनीवर फतकल मारली. फोटोवाल्या बाई तिकाटण्यामागे कपाळ टेकून उभ्या होत्या आणि बटण दाबत सुटल्या होत्या. ते फोटो आता आलेत. एकही सरळ नाही, कुणीही आपल्या जागी नाही, कॅप्टनचं तर नुसतं डोकं आणि कान. आणि शेवटच्याच्या अगदी कडेला, चौकटीतून निसटता निसटता राहिलेलं, आत्याआजीचं कोपर.

कारण आत्याआजीचे खांदे हलायला लागले होते. नेहमीसारखे, ओठ घट्ट मिटून. मी बघत होते. ते इतके हलले की ती भिंतीपासून बाजूला झाली, खुर्चीची पाठ धरायला गेली, खुर्ची सरकली आणि तिचं तोंड उघडलं.

मी तसा आवाज माणसाच्या गळ्यातून निघालेला ऐकला नव्हता. आधी कोरड्या हातपंपासारखी एक घरघर, मग एक मोठी उचकी, आणि मग त्या उचकीतून पाणी लागल्यासारखं भसाभस, भसाभस हसू. मधेच श्वास आत घेताना शिट्टी. परत उचकी. सगळे जण तिच्याकडे बघायला लागले आणि ते बघून तिला आणखी हसू आलं. इतकुसा तिचा देह, आणि आवाज असा की खिडकीची काच थरथरली. चिंगीने अंगठा काढला, मोठ्या आदराने ऐकून घेतलं, आणि आपणही एक उचकी देऊन पाहिली.

तेवढ्यात प्लायवूडवर पलीकडून ठोकलं. ठक ठक ठक.

आम्ही एकदम गप्प झालो. इतक्या मोठ्या माणसांच्या माना मुलांसारख्या खाली गेल्या. आत्याआजी एकटी थांबली नाही, थांबणं तिच्या हातात राहिलंच नव्हतं. परत ठोकलं, या वेळी मुठीने. आणि मग ती थांबली. तोंड तसंच उघडं, भिंतीवरच्या दादासारखं. एक हात छातीवर.

“हे कोण हसलं?” तिने विचारलं.

“तू,” मी म्हटलं.

पडद्याच्या फटीतून चिटणीसांचं डोकं आलं. त्यांच्या चेहऱ्यावरून पलीकडे कुणाची तरी राणी गेली असावी. कॅप्टन कान सोडून घाईने माफी मागायला उठले.

“माफी नका मागू,” आत्याआजी म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते, मान वाकडी, कान पुढे, आणि उचकी परत वर यायला लागली होती. “ठोकू देत त्यांना. आमच्याकडे असंच असायचं.”